ओसरीवरची बेरीज

"काका, वर्षाचं उत्पन्न किती धरायचं?"

ओसरीवरचे काका आधी आभाळाकडे बघतात, मग मुलीच्या हातातल्या कागदांकडे. "खर्चच निघंना ताई, काय सांगावं?" कृषी विद्यापीठात विस्तार शिक्षणात एम.एस्सी. करणारी ती मुलगी रकाना कोरा ठेवून पुढे सरकते. थोडी लपवाछपवी असतेच, पण हिशेबही मुळात अवघड. सोयाबीन विकलं ते आडत्याच्या उचलीत वळतं झालं, तूर अजून पोत्यांत आहे, आणि घरी खाल्लेल्या ज्वारीला भाव कुणी लावायचा?

म्हणून पैसा सोडून दिसेल ते मोजायचं. तिच्याकडची मोजपट्टी उदय पारीक आणि जी. त्रिवेदी यांनी १९६४ साली ग्रामीण कुटुंबांसाठी बसवलेली. जात, व्यवसाय, शिक्षण, सामाजिक सहभाग, जमीन, घर, औताची जनावरं किंवा ट्रॅक्टर, वस्तू आणि कुटुंब अशा नऊ बाबींना गुण. १३ ते २३ कनिष्ठ मध्यम, २४ पासून मध्यम.

जमीन चार एकर. सातबाऱ्यावर तिन्ही भावांची नावं, वाटणी तोंडी. १ ते ५ एकरांना २ गुण. मग रान कालव्याखालचं असो की यांच्यासारखं मुरमाड. २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जातनिहाय जनगणनेने निदान पाणी तरी पाहिलं: अडीच एकर ओलीत आणि सिंचनाचं एखादं साधन असलं, की ते घर वंचितांतून आपोआप वगळलं जाई. पण मोटारसायकल असली तरी वगळलं जाई, मग ती दुधाच्या कॅनसाठी घेतलेली जुनी का असेना!

गोठ्यात दावी आहेत, बैल नाहीत. जोडी असती तर २ गुण, ट्रॅक्टर असता तर ६. नांगरट भाड्याच्या ट्रॅक्टरने होते, त्याला शून्य.

व्यवसाय? "शेती." ५ गुण. मजुरीला १. काका उन्हाळ्यात गवंड्याच्या हाताखाली जातात, हे बोलता बोलता निघतं. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७७ व्या फेरीत देशातल्या शेतकरी कुटुंबाचं २०१८-१९ मधलं सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये भरलं होतं. त्यात मजुरी-पगाराचे ४,०६३, पिकांचे ३,७९८.

बेरीज २२. ती कागद आवरते तोच आतून काकूंचा आवाज येतो, "अन् माझं बचत गटाचं? अध्यक्ष हाय मी."

संस्थेतल्या पदाला ३ गुण आहेत. पण सामाजिक सहभागाचा रकाना तिने कर्त्याच्या नावाने भरलेला. २२ की २५? ती पुन्हा पेन्सिल काढते आणि समासात लिहून ठेवते: काकू, बचत गट, अध्यक्ष.