भोंगा आणि पान्हा

हिरकणीची गोष्ट मराठी घरांत सर्वांना ठाऊक असते. रायगडावर दूध घालायला आलेली गवळण, कोजागिरीची रात्र, बंद झालेले गडाचे दरवाजे, खाली वाडीत भुकेले तान्हे आणि अंधारात कडा उतरून गेलेली आई. शेवट मात्र आपण घाईने उरकतो. महाराजांनी तिचा गौरव केला आणि ती जिथून उतरली तिथे बुरूज बांधून ती वाट बंद केली. ही दंतकथा आहे, इतिहास म्हणून ती सांगू नये. पण कष्टकरी आईचा प्रश्न तिच्यात नेमका आला आहे. आईचे कौतुक झाले, दरवाजाची वेळ काही बदलली नाही.

आज एसटी स्थानकांवर आणि सरकारी कचेऱ्यांत स्तनपानासाठी ठेवलेल्या खोलीला ‘हिरकणी कक्ष’ म्हणतात. नाव सुंदर आहे आणि खोलीही गरजेची आहे. बाळाला कडेवर घेऊन आलेल्या आईची तिथे सोय होते. पण हिरकणीचे बाळ तिच्या कडेवर नव्हतेच. ते घरी होते. कामावर जाणाऱ्या आईची अडचण हीच असते. दूध एकीकडे, बाळ दुसरीकडे आणि मधे वेळेचा दरवाजा.

हा दरवाजा दुधाला का सोसत नाही, हे आधी समजून घ्यावे लागते. आईचे दूध हे भरून ठेवलेले भांडे नव्हे. बाळ ओढू लागले की मेंदूतून दोन संप्रेरके पाझरतात. प्रोलॅक्टिनमुळे दूध तयार होते आणि ऑक्सिटोसिनमुळे ते नळ्यांतून पुढे ढकलले जाते. या दुसऱ्या क्रियेलाच आपल्या बायका ‘पान्हा फुटणे’ म्हणतात. बाळाच्या नुसत्या आठवणीने पान्हा फुटतो, तसा तो धास्तीने आणि संकोचाने अडतोही. आणखी एक नियम आहे: जितके दूध बाहेर जाईल तितके नवे तयार होते. ते साठून राहिले की तयार होण्याची गती मंदावते. म्हणून आठ-दहा तास दूध काढलेच नाही, तर पहिल्या दिवसांत छाती दाटते, गाठी होतात, कधी ताप येतो. आणि पुढच्या काही आठवड्यांत दूध ओसरू लागते. मग घरचे म्हणतात, ‘हिला दूधच नाही.’ खरे तर दूध होते, त्याला वेळेवर वाट मिळाली नाही.

मुंबईत हा दरवाजा प्रथम गिरणीचा होता. १९२० च्या दशकात इथल्या कापडगिरण्यांतील कामगारांत साधारण पाचांत एक बाई होती. त्यांतल्या पुष्कळ जणी वाइंडिंग आणि रीळिंग खात्यांत असत. भोंगा झाला की तान्हे मूल चाळीतल्या एखाद्या म्हातारीकडे टाकून जायचे. ते दिवसभर निजावे म्हणून त्याला अफूची बाळगोळी दिली जाई. गिरणीतल्या बायकांच्या बाळंतपणांची पाहणी करण्यासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स या महिला डॉक्टरांनी १९२२ च्या सुमारास हे नोंदवले आणि त्यानंतर कामगारांवरील चौकशांत हा विषय पुन्हा पुन्हा आला. बाळगोळी देणारी आई निर्दय नव्हती. रोजी बुडवणे आणि मूल गुंगीत ठेवणे, यांतले एक तिला निवडावे लागत होते.

यावर जगाने सुचवलेला पहिला उपाय फार साधा होता. १९१९ साली वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली. भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून ना. म. जोशी तिथे होते. त्या परिषदेने केलेल्या प्रसूतीविषयक करारात एक कलम आहे: अंगावर पाजणाऱ्या आईला कामाच्या वेळात दिवसातून दोनदा अर्धा-अर्धा तास मिळावा. भारताने तो करार स्वीकारला नाही. जोशींनी पुढे मध्यवर्ती कायदेमंडळात आणलेले प्रसूती लाभ विधेयकही मंजूर झाले नाही. मुंबई प्रांताने मात्र १९२९ मध्ये देशातला पहिला प्रसूती लाभ कायदा केला. त्याआधीच्या वर्षी या विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कायदेमंडळात मांडले की, बाळंतिणीला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून या खर्चाचा मोठा भार सरकारने उचलायला हवा. पण बाईच्या श्रमावर नफा मिळवणाऱ्या मालकालाही जबाबदारीतून सुटता येणार नाही. कायद्याने आईला काही आठवडे रोज आठ आणे मिळू लागले. दुधासाठीचा अर्धा तास त्यात नव्हता.

तो आला १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात, पण कापून. बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत आईला रोज दोन सुट्या मिळाव्यात असे हा कायदा म्हणत होता. त्या किती वेळाच्या, हे नियमांवर सोडले. खाणींसाठीच्या केंद्रीय नियमांत प्रत्येक सुटी पंधरा मिनिटांची आहे, आणि पाळणाघरापर्यंत जाण्या-येण्याचा वेळ वेगळा. १९४८ च्या कारखाने कायद्यात पाळणाघराची सक्ती होती; पुढे ती तीसहून अधिक स्त्री-कामगार असलेल्या कारखान्याला लागू झाली. २०१७ च्या दुरुस्तीने रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस झाली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघर ठेवणे भाग पडले. आईला तिथे दिवसातून चार वेळा जाता येते. या तरतुदी २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही घेतल्या आहेत.

आता हे कायदे घेऊन आपण भांडुपला येऊ. भांडुप हे गिरणगाव नव्हे. इथली वस्ती लालबहादूर शास्त्री मार्गावरच्या रंगांच्या, टायरच्या, लोखंडकामाच्या कारखान्यांभोवती वाढली आणि पश्चिमेच्या डोंगरावर चढत गेली. कारखाना घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर होता, तोवर पाळणाघराची कल्पना निदान शक्य कोटीतली होती. आता त्या पट्ट्यात टॉवर उभे राहिले आणि इथली बाई कामासाठी ठाण्याला, अंधेरीला, फोर्टला जाते. भांडुपहून धिम्या लोकलने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला सुमारे पन्नास मिनिटे लागतात. डोंगरावरून खाली उतरून स्टेशन गाठण्याचा वेळ वेगळा. पाच महिन्यांचे बाळ घेऊन सकाळच्या गर्दीत त्या डब्यात कोण चढेल? कचेरीतले पाळणाघर कितीही चांगले असो, बाळ तिथे पोचतच नाही. कायदा आईला बाळाकडे जायला पंधरा मिनिटे देतो. बाळ तर तासाभराच्या अंतरावर असते.

सव्वीस आठवड्यांचा हिशेबही असाच आहे. सहा महिने निव्वळ अंगावरचे दूध द्यावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. सव्वीस आठवडे म्हणजे सहा महिने, म्हणून गणित जुळल्यासारखे दिसते. पण रजा बाळंतपणाआधी आठ आठवड्यांपर्यंत घेता येते. ज्या बाईने ती तशी घेतली, तिच्या हातात नंतर अठरा आठवडे, म्हणजे चार महिन्यांहून थोडे अधिक उरतात. म्हणून नवव्या महिन्यातही बायका लोकलने कामावर जाताना दिसतात. त्या पोटातल्या बाळाच्या दुधासाठी रजा साठवत असतात.

यातून एक वाट निघते: बाळ आईकडे आणता येत नसेल, तर दूध बाळाकडे न्यायचे. त्याला यंत्र लागतेच असे नाही. हात स्वच्छ धुऊन, अंगठा आणि बोटे स्तनाग्राभोवतालच्या काळसर वर्तुळाच्या कडेला ठेवून, आधी छातीकडे आणि मग एकमेकांकडे दाबत दूध काढता येते. दर तीनेक तासांनी पंधरा-वीस मिनिटे पुरतात. आठ तासांच्या पाळीत हे दोनदा करावे लागते. तयारी आणि धुणे-पुसणे धरून प्रत्येक वेळी अर्धा तास. १९१९ चा आकडा असा शंभर वर्षांनीही जुळतो.

काढलेले दूध २५ अंश तापमानापर्यंत चार तास टिकते, फ्रिजमध्ये चार अंशांना चार दिवसांपर्यंत. मुंबईत वर्षातले बहुतेक दिवस २५ च्या वर असतात. दुपारी बाराला काढलेले दूध संध्याकाळी साडेसातला भांडुपला न्यायचे, तर कचेरीत फ्रिज आणि वाटेत बर्फाची पिशवी हवी. घरी सांभाळणाऱ्या आजीलाही दोन गोष्टी आधी सांगाव्या लागतात. फ्रिजमधल्या दुधावर साय वेगळी होते, ते नासलेले नसते. वाटी कोमट पाण्यात ठेवून हलके हलवले की एकजीव होते. आणि दिवसभर छातीत राहिलेले दूध ‘शिळे’ होत नाही. कामावरून आलेल्या आईने ते पिळून टाकण्याचे कारण नाही. पाजायला वाटी-चमचा बरा. जुन्या बोंडल्याच्या तोटीत आणि बाटलीच्या बुचात दूध अडकून राहते.

शरीराबाहेर काढलेल्या दुधाची शंका येणाऱ्यांनी शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयाकडे पाहावे. डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये तिथे आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. आयांनी दिलेले दूध ६२.५ अंशांवर तीस मिनिटे तापवून, तपासून, गोठवून ठेवले जाते आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांना दिले जाते. आईने स्वतःच्या बाळासाठी काढलेल्या दुधाला इतका खटाटोप लागत नाही. महापालिकेच्या गर्दीच्या रुग्णालयाला जे साधले, त्याचा छोटासा भाग एखाद्या कचेरीला अवघड का जावा?

अर्थात, हा सगळा विचार कचेरी असलेल्या बाईचा झाला. भांडुपच्या डोंगरावरून पवईला आणि मुलुंडला घरकामाला जाणाऱ्या बाईला ना सव्वीस आठवडे, ना दोन सुट्या. मातृ वंदना योजनेतून पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये मिळतात. त्यावर सहा महिने घरी बसता येत नाही. तिच्या मालकिणीच्या घरात मात्र फ्रिज असतो आणि दार लावता येईल अशी खोलीही. तिथे कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. बाळंतीण होऊन परतलेल्या बाईला ‘दूध काढायचंय का? आत जा, फ्रिजमध्ये ठेव’ एवढे म्हणणे पुरेसे आहे.

कायद्याकडून मागणे मात्र मोठे नाही. पाजण्यासाठीच्या सुटीत दूध काढण्याचाही स्पष्ट उल्लेख व्हावा, तिची लांबी नियमांवर न सोडता अर्धा तास ठरवावी आणि पाळणाघराबरोबर कडी असलेली खोली, नळ आणि फ्रिज यांची सक्ती व्हावी. रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही, असे आपण म्हणतो. इथे रडणारे मूल भांडुपला असते आणि ऐकायला हवे ते फोर्टात. म्हणून त्याच्या वतीने दुसऱ्या कुणीतरी बोलायला हवे.