गप्पीच्या टाकीला विकतची गाळणी कशाला?

पावसाळा लागला की आपल्या हिंगोली जिल्ह्यात दोन गोष्टी सोबतच येतात. शेतात सोयाबीन उगवतं अन् गावात डास उठतात. नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून आपण रांजण, टाक्या, ड्रम भरून ठेवतो. डेंगीचा डास नेमका अशाच साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्याचा डास होऊन उडतो. म्हणून तर आरोग्यसेवक आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा म्हणून सांगत फिरतात. जे पाणी ओतून देता येत नाही, म्हणजे गुरांचा हौद, वापरात नसलेली विहीर, त्यात गप्पी मासे सोडतात. मासा करंगळीच्या दोन पेरांएवढाही नाही, पण डासाच्या अळ्या मटामट खातो.

हे मासे दर साली मागून आणायचे की गावातच वाढवायचे? गप्पीची मादी अंडी घालत नाही, जिवंत पिल्लं देते. साधारण महिन्याला एकदा, अन् एका वेळी वीस ते पन्नास. म्हणजे ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या आवारात एक टाकी नीट चालली तर साऱ्या गावाला पुरते. पण टाकी चालतच नाही, ही खरी अडचण. पंधरा दिवसांत पाणी वास मारतं, मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करतात आणि एके सकाळी पांढरं पोट वर करून तरंगतात. मग कोणीतरी सांगतं, शहरातून फिल्टर आणा, त्यात टाकायला चिनी मातीच्या कड्या आणा. खर्चाचा आकडा ऐकून ठराव तिथेच राहतो.

मंडळी, या खर्चाची गरज नाही. का नाही, ते आधी समजून घ्या.

गाळतं कोण?

माशाची विष्ठा आणि उरलेलं खाद्य कुजलं की पाण्यात अमोनिया तयार होतो. मासे मरतात ते बहुतेक वेळा यानेच. पाणी दिसायला नितळ असलं तरी त्यात अमोनिया असू शकतो. त्याचा बंदोबस्त डोळ्यांना न दिसणारे जिवाणू करतात. एक जात अमोनियाचं नायट्राइट करते, दुसरी त्या नायट्राइटचं नायट्रेट करते. नायट्रेट थोडंफार साचलं तरी मासा सोसतो, आणि पाण्यातल्या वनस्पतींना तर ते खतच. या जिवाणूंना दोनच गोष्टी लागतात, चिकटून बसायला खरबरीत जागा आणि हवा. विकतच्या कडीत तरी काय असतं? बारीक छिद्रं. तशीच छिद्रं आपल्या भाजलेल्या विटेतही असतात.

गाळणी अशी करा

पाच लिटरचा खाद्यतेलाचा रिकामा डबा घ्या. तो गरम पाण्याने तेलकटपणा जाईपर्यंत धुवा. वरचं तोंड कापा अन् बुडाला दाभणाने भोकं पाडा. तळाशी चार बोटं गोटी खडी. त्यावर चांगल्या भाजलेल्या विटेचे सुपारीएवढे तुकडे, हाच मुख्य थर. विटेला सिमेंट किंवा ताजा चुना लागलेला नको. भुकटी निघून जाईपर्यंत तुकडे धुऊन घ्या. सगळ्यात वर गादीवाल्याकडचा फायबरचा कापूस किंवा साधा स्पंज. सरकीचा कापूस घालू नका, तो कुजतो.

हळद शिजवल्यावर चुलाणात उरलेला लाकडी कोळसाही मधल्या थरात चालतो. विकतच्या कोळशाइतकं तो पाण्यातलं शोषून घेत नाही, पण जिवाणूंना घर म्हणून बरा. राख मात्र झटकून, धुऊन काढा. राखेने पाणी खारवट होतं.

पंपाचं काय? उन्हाळा सरला की कूलर कोपऱ्यात पडतो, त्याचाच छोटा पंप वापरा. त्याला जुन्या मच्छरदाणीचं कापड गुंडाळा, नाहीतर पिल्लं ओढली जातात. डबा टाकीच्या वर ठेवा. पंपाने पाणी डब्यात चढतं, थरांतून झिरपत खाली पडतं अन् पडताना हवा घेतं. वीज गेली तर डबा रिकामा होतो, पण विटा ओल्या राहतात आणि जिवाणूंना हवा मिळत राहते. पाण्यात हात घालण्याआधी मात्र पिन काढायचीच. वायरचं आवरण फाटलेलं असेल तर तो पंप वापरू नका.

इथे चुकतं

पहिली चूक घाईची. जिवाणू जमायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर आठ-दहाच मासे ठेवा, खाद्य चिमूटभर द्या, आठवड्याला पाव टाकी पाणी बदला. कुणाकडे जुनी टाकी असेल तर तिथली मूठभर मळकट खडी आणून डब्यात टाका. विरजण लावल्यासारखं काम होतं.

दुसरी चूक अस्मादिकांनीच केली आहे. विटा काळ्या पडल्या म्हणून नळाखाली धरून लख्ख धुतल्या. त्या दिवशी पाण्यात टीसीएल जास्त होतं. जिवाणू गेले, अन् तिसऱ्या दिवशी मासेही. तेव्हापासून टाकीतलंच पाणी बादलीत काढून त्यात फक्त वरचा कापूस हलकेच पिळतो. विटांना हात लावत नाही. टाकीत नवं पाणी घालायचं तर ते एक दिवस उघड्यावर उन्हात ठेवूनच.

तिसरी गोष्ट सिमेंटच्या नव्या हौदाची. दोन-तीन आठवडे पाणी भरून, सोडून, पुन्हा भरून तो मुरवा, मगच मासे सोडा. हौद मोठा, उघडा, शेवाळ धरलेला आणि मासे मोजके असतील तर गाळणीचीही गरज नाही.

शेवटची विनंती. गप्पी हा बाहेरून आणलेला मासा. तो कयाधूत, पैनगंगेत किंवा नाल्यात सोडू नका, आपल्या देशी माशांना त्रास होतो. आणि गप्पी आले म्हणून कोरडा दिवस सोडू नका. रांजण घासून कोरडा करायचं काम मासा करत नाही, ते आपल्यालाच करावं लागतं.

पुढच्या ग्रामसभेत विषय काढा. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात गप्पीची चौकशी करा. डबा, विटा अन् पंप गावातच आहेत.