गायक विद्यार्थ्यांचा दौरा

संगीत शिकणाऱ्या मुलाला वर्गात स्वर समजतो, ताल समजतो, रोजच्या मेहनतीने त्याचा गळाही तयार होतो. श्रोता मात्र वर्गात भेटत नाही. तेथे ऐकणारे सारे ओळखीचे. चुकले तरी सांभाळून घेणारे. परगावच्या श्रोत्याला गाणाऱ्याचे नाव ठाऊक नसते, गाव ठाऊक नसते. गाणे रुचले तर तो बसतो, नाही तर उठून जातो. म्हणून आपले गाणे घेऊन परमुलखात जाणे हा संगीतशिक्षणाचाच एक भाग होय. तो विद्यार्थ्याला काय देतो आणि त्याच्याकडून काय घेतो, हे अमेरिकेतील फिस्क विद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी केलेल्या दौऱ्यावरून चांगले कळते.

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत आफ्रिकेतून धरून आणलेल्या लोकांना व त्यांच्या मुलाबाळांना पिढ्यान्‌पिढ्या गुलाम म्हणून राबविले जात असे. त्यांना लिहावाचावयास शिकविणे हा कित्येक राज्यांत गुन्हा होता. 1865 मध्ये यादवी युद्ध संपले आणि गुलामगिरी नष्ट झाली. पुढच्याच वर्षी, जानेवारी 1866 मध्ये, टेनेसी राज्यातील नॅशव्हिल शहरी मुक्त झालेल्या लोकांसाठी फिस्क विद्यालय उघडले. विद्यालयाची जागा म्हणजे युद्धकाळातील रुग्णालयाच्या लाकडी बराकी! तेथे लहान मुले आणि पांढऱ्या केसांची म्हातारी माणसे एकाच वेळी अक्षरे गिरवू लागली. गुलामांच्या कोंडवाड्यातील गंजलेल्या बेड्या मोडीत विकून त्या पैशांतून पुस्तके घेण्यात आली, असे सांगतात. परंतु पाचच वर्षांत बराकी मोडकळीस आल्या, कर्ज वाढले आणि विद्यालय बंद पडण्याची वेळ आली.

विद्यालयाचे खजिनदार जॉर्ज व्हाइट हे संगीतही शिकवीत. विद्यार्थ्यांनी गावोगावी गाऊन पैसा मिळवावा, असे त्यांनी ठरविले. अनेकांना ही कल्पना वेडगळ वाटली. तरीही 6 ऑक्टोबर 1871 रोजी नऊ मुलेमुली त्यांच्याबरोबर उत्तरेकडे निघाली. त्यांतील बहुतेकांचा जन्म गुलामगिरीत झालेला होता. पियानोची साथ करणारी एला शेपर्ड वीस वर्षांची होती, तर सर्वांत धाकटी मिनी टेट अवघी चौदा वर्षांची.

आरंभीचे दिवस फार कठीण गेले. सभागृहे ओस पडत. जमलेली वर्गणी गाडीभाड्यातच संपे. कातडीचा रंग पाहून खाणावळवाले दार लावून घेत. याच वेळी शिकागो शहर प्रचंड आगीत जळाले. मुलांच्या अंगावर थंडीपुरते कपडे नव्हते. पण एका कार्यक्रमाचे मिळालेले जेमतेम पन्नास डॉलर त्यांनी शिकागोच्या आपद्‌ग्रस्तांना देऊन टाकले.

प्रारंभी ही मुले त्या काळच्या गोऱ्या समाजात प्रतिष्ठित मानली जाणारी गाणीच म्हणत. त्यांची स्वतःची गाणी निराळी होती. शेतात राबताना, रात्री लपूनछपून प्रार्थनेला जमल्यावर, त्यांच्या आईबापांनी ती म्हटली होती. ती कोठे लिहिलेली नव्हती. ही गाणी परक्यांपुढे म्हणावयास मुलांना संकोच वाटे. एक तर ती देवाची गाणी, आणि दुसरे म्हणजे त्यांत गुलामगिरीच्या दिवसांची आठवण. आपल्या आजीची जात्यावरची ओवी भरसभेत म्हणा असे सांगितले, तर तुम्हांपैकी कितीजण चटकन उठतील? परंतु गावोगाव फिरताना मुलांना एक गोष्ट दिसून आली. प्रतिष्ठित गाण्यांना लोक शिष्टाचारापुरत्या टाळ्या वाजवीत. या साध्या गाण्यांनी मात्र त्यांचे डोळे भरून येत. नोव्हेंबर 1871 मध्ये ओहायो राज्यातील ओबर्लिन येथे धर्मोपदेशकांच्या परिषदेत असेच झाले, आणि तेथून दौऱ्याचे दैव पालटले. हळूहळू ही गाणीच कार्यक्रमाचा गाभा झाली. जे दडवावेसे वाटत होते तेच आपले धन आहे, हे त्या मुलांना घरी बसून कळले नसते.

गळ्यालाही या प्रवासाने निराळे वळण दिले. मोठ्याने गाण्यापेक्षा हळू गाणे अवघड असते, आणि व्हाइट यांचा सारा भर त्या हळुवारपणावर होता. आज दगडी चर्च, उद्या लाकडी सभागृह. कोठे आवाज घुमे, कोठे विरून जाई. प्रत्येक ठिकाणी शेजाऱ्याचा स्वर ऐकून आपला स्वर त्यात मिसळावा लागे. ही सवय फळ्यावर लिहून शिकविता येत नाही.

मार्च 1872 मध्ये राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्यापुढे त्यांचे गायन झाले. त्याच वर्षी त्यांची गाणी स्वरलेखनासह छापून निघाली. केवळ तोंडी असलेला हा ठेवा त्यामुळे टिकला. पहिल्या दौऱ्यातून विद्यालयाला वीस हजार डॉलर मिळाले. ज्युबिली गायक या नावाने ते आता ओळखले जात होते. 1873 मध्ये इंग्लंडला जाऊन ते राणी व्हिक्टोरियापुढे गायले. याच वर्षी पुण्यात जोतीराव फुले यांनी आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ, गुलामांच्या मुक्ततेसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला, हेही येथे ध्यानात घेण्यासारखे आहे. दौऱ्यांच्या कमाईतून उभारलेली ‘ज्युबिली हॉल’ ही भव्य इमारत 1876 मध्ये विद्यालयासाठी खुली झाली. ती आजही उभी आहे.

मात्र या यशाची किंमत लहान नव्हती. पहिल्या काळातील हे दौरे 1878 पर्यंत चालले. रोजचा प्रवास, रोजचे गायन, पुरेशी विश्रांती नाही. कित्येकांचे गळे बसले, काहींची प्रकृती कायमची ढासळली. ज्या विद्यालयासाठी ते राबले, त्यातील शिक्षण पुरे करणे त्यांच्यापैकी अनेकांना साधले नाही. आज विद्यार्थ्यांचे दौरे आखताना अभ्यास आणि विश्रांती यांचा विचार आधी केला जातो, तो उगाच नव्हे.

फिस्क विद्यालयाचे पुढे विद्यापीठ झाले. तेथील विद्यार्थ्यांचा गायकवृंद अजूनही त्याच जुन्या नावाने दौऱ्यावर जातो. 2021 मध्ये त्याच्या ध्वनिमुद्रिकेला ग्रॅमी पारितोषिक मिळाले. दरवर्षी 6 ऑक्टोबरला नॅशव्हिलमध्ये हे विद्यार्थी पहिल्या गायकांच्या थडग्यांपाशी जातात आणि तेथे उभे राहून ती जुनी गाणी म्हणतात.