पोरांना ‘गप्प बस’ म्हणू नका!

आमच्या विहारातील रविवारच्या वर्गात दहा वर्षांचा एक मुलगा येतो. बाप माथाडी कामगार. पोरगा वहीच्या मागच्या पानांवर सारखे एकच चित्र काढतो : लांब जबडा, करवतीसारखे दात, बशीएवढे डोळे. कोट्यवधी वर्षांपूर्वीचा समुद्रातला शिकारी, इक्थिओसॉर! परवा त्याची आई म्हणाली, “भाऊ, याला जरा समजवा. वह्या किती महाग झाल्यात! असल्या मगरी काढून पोट भरतं का?”

त्या माउलीला मी मेरी ॲनिंगची हकिकत सांगितली. तीच येथे देतो.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील लाईम रीजिस गावी २१ मे १७९९ रोजी मेरी जन्मली. बाप सुतार. कड्यांतून निघणारे दगडी शंख-शिंपले प्रवाशांना विकून तो वरकड चार पैसे मिळवी. पोरीलाही त्याने तोच नाद लावला. १८१० साली तो वारला. मागे उरले कर्ज. मेरीला शिक्षण मिळाले ते चर्चच्या रविवारच्या शाळेत. तेथेच ती लिहा-वाचायला शिकली.

१८११ साली तिच्या भावाला कड्यात एक भलीमोठी कवटी सापडली. पुढे धडाचा सांगाडा मेरीने शोधला, तेव्हा ती बारा-तेरा वर्षांची होती. लोक म्हणाले, मगर आहे. पण तो इक्थिओसॉर निघाला. दिसायला माशासारखा, पण मासा नव्हे. हवेत श्वास घेणारा, पाण्यातच पिलांना जन्म देणारा सरीसृप. तो सांगाडा २३ पौंडांना विकला गेला. नादाने पोट भरते ते असे!

१८२३ साली तिने लांब मानेच्या प्लेसिओसॉरचा जवळजवळ पूर्ण सांगाडा काढला. फ्रान्सचे थोर शास्त्रज्ञ क्युव्हिए यांना आधी तो बनावट वाटला. नंतर त्यांनी चूक कबूल केली.

हे प्राणी काय खात, हे कसे कळले? सांगाड्यांच्या पोटाच्या जागी काही गोटे सापडत. ते फोडले की आत माशांची हाडे आणि खवले! मेरीने हे हेरले. ती त्या शिकाऱ्यांची दगड झालेली विष्ठा होती, असे १८२९ साली प्रा. बकलंड यांनी मांडले. कुणी सांगितले म्हणून मानायचे नाही, फोडून पाहायचे. आपल्या धम्मात यालाच ‘एहि पस्सिको’ म्हणतात : या आणि पाहा.

आणि मानसन्मान? सांगाडे मेरीने काढले, निबंध बड्या घरच्या विद्वानांनी लिहिले. तिचे नाव बहुधा गाळले गेले. लंडनच्या भूशास्त्र संस्थेने स्त्रियांना सभासद करून घेतले ते थेट १९१९ साली. मेरी १८४७ मध्येच वारली होती. अंगी गुण असून दार बंद, हा अनुभव आपल्याला काही नवा नाही. २०२२ साली तिच्या गावात तिचा पुतळा उभा राहिला. त्याची चळवळ सुरू केली ती एका शाळकरी मुलीने.

हे सारे सातासमुद्रापलीकडचेच आहे, असेही नाही. कच्छमध्ये लोडाई गावाजवळ सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीचा, साडेपाच मीटर लांबीचा इक्थिओसॉर सापडल्याचे २०१७ साली जाहीर झाले.

तेव्हा आईबापांनो, पोराच्या हातचे चित्र फाडू नका. वही महाग असेल तर पाठकोरे कागद द्या. वस्तीच्या वाचनालयात न्या. प्रश्नाचे उत्तर येत नसेल तर “चल, दोघे मिळून शोधू,” म्हणा. त्या मुलासाठी मी जुन्या हँडबिलांचा गठ्ठा दिला आहे. आता त्याच्या आईने विचारले आहे, “भाऊ, हे कच्छ कुठं आलं?”

जयभीम!