जेलकोटच्या आतली होडी

फायबरच्या होडीला रंग सगळ्यांत आधी लागतो. लाकडाची होडी बांधून, भेगा बुजवून, तेल पाजून झालं की मग रंगाचा डबा उघडतो. फायबरमध्ये साच्याला मेण चोळून झाल्याबरोबर पहिला हात फिरतो तो रंगीत जेलकोटचा. त्यावर काचेच्या धाग्यांची मॅट, मॅटवर रेझिन, पुन्हा मॅट, अशी ती होडी बाहेरून आत बांधत जातात. गिऱ्हाइकाला दिसणारा तुळतुळीतपणा त्यामुळे साच्याचा असतो. साचा नीट घोटलेला असला, की आत तीन थर असोत की सहा, होडी बाहेरून सारखीच दिसते.

मालवण, देवगड, वेंगुर्ला, कुठल्याही बंदरात नवी छोटी होडी घ्यायला निघालेला माणूस बहुधा तीन गोष्टी विचारतो: लांबी किती, कितीला पडेल, इंजिन कुठलं बसेल. प्रश्न रास्त आहेत, पण दोन होड्यांमधला खरा फरक त्यांतून कळत नाही. तो कळतो होडीच्या वजनातून, आतल्या थरांतून आणि पाणी भरल्यावर ती काय करते यातून. हे तिन्ही तपासता येतं आणि त्याला फारसा खर्चही येत नाही.

गेल्या काही दशकांत किनाऱ्यावर लाकूड मागे पडलं त्याला कारणं होती. आंब्याचा एकसंध सोट कोरून होडी करावी तर तसली झाडं उरली नाहीत, सागाचा भाव परवडेना, आणि लाकूड पोखरणारी कीड दरवर्षी डागडुजी मागते. फायबरला कीड लागत नाही, ते कुजत नाही, आणि भोक पडलं तर मॅट-रेझिन आणून घरच्या घरी बुजवता येतं. पण या सोयीसोबत लाकडाचा एक मोठा गुण गेला. लाकडी होडी उलटली, पाण्याने भरली, तरी लाकूड तरंगतं आणि माणसाला धरायला काही उरतं. फायबर पाण्याच्या साधारण दीडपट जड असतं. नुसती सोडली तर ही होडी तळाला जाते, आणि मागे इंजिन लटकलेलं असलं तर आणखी लवकर जाते.

म्हणून दोन होड्या शेजारी ठेवल्यावर माझा पहिला प्रश्न बुडती होडी तरंगत ठेवणाऱ्या फोमचा असतो. हिशेब सोपा आहे. ४०० किलोची फायबर होडी पूर्ण बुडाली तर पाण्यात तिचं वजन १३० किलोच्या आसपास उरतं. ९.९ अश्वशक्तीचं आऊटबोर्ड इंजिन साधारण ४० किलोचं. त्याचे पाण्यात तीसेक किलो धरा. नांगर, जाळ्याची शिसं, किरकोळ सामान मिळून बेरीज २०० किलोकडे जाते. एक लिटर फोम साधारण एक किलो भार उचलतो, तेव्हा २०० लिटर फोम असला तर होडी कशीबशी पाण्याच्या रेषेवर राहील. तीन माणसांनी तिला धरून मदतीची वाट बघायची असेल तर ३०० लिटरच्या खाली जाऊ नये. नाळेतल्या कप्प्यात आणि बसायच्या फळ्यांखाली फोम भरलाय असं कारखानदार सांगतो तेव्हा टेप काढून ते कप्पे मोजावेत. लांबी, रुंदी, उंची गुणली की लिटर निघतात. नुसता हवेचा बंद कप्पा पुरेसा धरू नये. एक तडा गेला की त्यात पाणी शिरतं.

फोम कुठला, हेही विचारायला हवं. ‘पफ’ म्हणतात तो पॉलियुरेथेन फोम योग्य. थर्माकोल स्वस्त पडतो, पण पॉलिएस्टर रेझिन त्याच्यावर थेट ओतलं तर तो विरघळतो, आणि पेट्रोल झिरपलं तरी तेच होतं. बाहेरून पक्क्या दिसणाऱ्या फळीखाली मग पोकळीच राहते.

आता थरांकडे वळू. छोट्या होडीत बहुतेक ठिकाणी ४५० ग्रॅमची मॅट वापरतात, म्हणजे चौरस मीटरला ४५० ग्रॅम काच. रेझिन पाजल्यावर तिचा एक थर चौरस मीटरला दीड किलोच्या आसपास भरतो आणि जाडी जेमतेम एक मिलिमीटर होते. सात मीटर होडीच्या कवचाचं क्षेत्रफळ २० चौरस मीटर धरलं, तर एक थर कमी घातला की ३० किलो माल वाचतो. लांबी-रुंदी सारखी असलेल्या दोन होड्यांच्या दरातला फरक बऱ्याचदा इथेच दडलेला असतो. उपायही इथेच आहे: होडी टेम्पोवर चढवली की वाटेतल्या वजनकाट्यावर न्यावी. कागदावर सांगितलेले थर आणि काट्यावरचं वजन यांचा मेळ बसला पाहिजे.

वजन जास्त भरलं म्हणून होडी भक्कम असंही नाही. रेझिन भरमसाट ओतलं तरी वजन वाढतं. ताकद काचेच्या धाग्यात असते, रेझिन त्याला धरून ठेवतं. काच कमी आणि रेझिन फार झालं की कवच ठिसूळ होतं, लाटेचे तडाखे बसून त्याला केसासारख्या चिरा जातात. नुसत्या मॅटच्या कामात वजनाने तीस टक्क्यांच्या आसपास काच असावी. विणलेल्या रोविंगचे, म्हणजे काचेच्या धाग्यांच्या कापडाचे, थर असतील तर प्रमाण आणखी वर जातं.

हे तपासायची एक जुनी रीत आहे आणि ती कुणालाही जमेल. पाणी काढायच्या बुचासाठी होडीच्या मागच्या बाजूला भोक पाडतात, तेव्हा रुपयाएवढी एक चकती बाहेर पडते. ती मागून घ्यावी. सोनाराच्या काट्यावर तोलावी, मग मोकळ्या हवेत, धुरापासून लांब राहून, पत्र्यावर ठेवून पूर्ण जाळावी. जेलकोट आणि रेझिन काळा धूर सोडत जळून जातात, मागे पांढऱ्या काचेची जाळी उरते. ती सुईने अलगद उचलली की थर एकेक करून सुटतात. मोकळे सांडलेले धागे मॅटचे, उभे-आडवे विणलेले रोविंगचे. मोजावेत, मग सगळी काच पुन्हा तोलावी. १० ग्रॅमच्या चकतीत ३ ग्रॅम काच निघाली तर काम ठीक. दोनच्या खाली गेली तर त्या कारखान्यातून होडी घेऊ नये, मग साचा कितीही सुंदर असो. नव्या होडीची चकती द्यायला जो कारखानदार आनंदाने तयार होतो, त्याच्याबद्दल माझं मत तिथेच चांगलं होतं.

आतली बाजू उजेडात नीट पाहावी. रेझिन न मुरलेले पांढरट डाग, बुडबुडे, मॅटच्या दुमडलेल्या कडा आतून दिसतात. काही जण म्हणूनच आतून घाईने जाड रंग मारतात. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जावं. भरीव कामाचा आवाज खणखणीत येतो, थर सुटलेल्या जागी बद्द येतो. मागच्या फळीवर, जिथे इंजिन अडकतं, तिथे सगळ्यांत जास्त वेळ द्यावा. तिच्या पोटात प्लायवुड असतं. बोल्टच्या भोकातून त्यात पाणी मुरलं की ते आतल्या आत कुजतं आणि एक दिवस इंजिनासकट फळी हलायला लागते. जुनी होडी घेताना इंजिन वर-खाली करून फळीचा सांधा हलतो का, हे आधी पाहावं.

होडी कुठल्या महिन्यात बांधली, याला मी वजन देतो. नारळी पौर्णिमेनंतर हंगाम धरायचा म्हणून मागणी जून-जुलैत येते, आणि कोकणात रेझिनच्या कामाला याहून वाईट दिवस नाहीत. ओल्या हवेत मॅट दमट होते, रेझिन पुरतं पिकत नाही. महिन्यानंतरही होडीत रेझिनचा उग्र वास येत असेल, आतला पृष्ठभाग चिकट लागत असेल, तर ते काम कच्चं आहे. ऑर्डर डिसेंबर-जानेवारीत द्यावी, होडी मेपर्यंत घ्यावी.

तळाचा आकार जागेप्रमाणे ठरतो. पसरट बुडाची होडी खाडीत, उथळ पाण्यात, कांडाळी जाळ्यासाठी उत्तम. उभं राहून जाळं ओढताना डगमगत नाही, पण वाऱ्याच्या दिवसांत समोरच्या लाटेवर आपटते. निमुळत्या बुडाची लाट कापते, पण स्थिर पाण्यात जास्त कलते. वाळूवर रोज ओढायची असेल तर कण्याखाली जादा थर आणि पट्टी हवीच. होडी पाहायला जाल तेव्हा तीन माणसं एका काठावर बसवा, आणि काठ पाण्यापासून किती वर राहतो ते बघा. जाळं आणि बर्फ भरल्यावरही तसंच बघा.

मोठ्या इंजिनाचा मोह आवरावा. पाण्यात साडेसहा मीटर लांबी असलेली भरलेली होडी सहा नॉट, म्हणजे तासाला ११ किलोमीटरच्या पुढे सहज जात नाही. त्यापुढे ती स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढायला लागते आणि इंधन मात्र भराभर जळतं. नॉर्वेचे नौकारचनाकार ऑयविंड गुलब्रान्सन यांनी बंगालच्या उपसागरातल्या छोट्या होड्यांसाठी बरंच काम केलं आणि छोट्या होड्यांच्या इंधनबचतीवर पुस्तिकाच लिहिली. वेग थोडा उतरवला की तेल पुष्कळ वाचतं, हे त्यातलं सूत्र कोकणातही तंतोतंत लागू पडतं.

घाईच्या बांधणीची किंमत पूर्व किनाऱ्याने पाहिलेली आहे. डिसेंबर २००४च्या त्सुनामीनंतर तामिळनाडू आणि श्रीलंकेत मदतीपोटी फायबरच्या होड्या मोठ्या संख्येने वाटल्या गेल्या, आणि त्यांत कमकुवत बांधणीच्याही पुष्कळ निघाल्या. त्यानंतर संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेला बांधणाऱ्यांसाठी प्रशिक्षण आणि मार्गदर्शिका हाती घ्याव्या लागल्या.

आपल्याकडे २०२० पासूनच्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत पारंपरिक मच्छीमाराला जुनी होडी बदलायला मदत मिळते: सर्वसाधारण गटाला खर्चाच्या ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के. उरलेला पैसा आपला किंवा कर्जाचा असतो, आणि होडी त्या कर्जापेक्षा जास्त टिकायला हवी. तेव्हा ऑर्डरच्या कागदावर लांबी आणि रंगाबरोबर थर किती व कुठले, रिकाम्या होडीचं वजन किती, फोम किती लिटर, हे लिहून घ्या. शेवटचा हप्ता थोडा हाती ठेवा. काट्यावर वजन करा, मग शांत खाडीत, कमरेएवढ्या पाण्यात इंजिनाच्या वजनाचा दगड बांधून होडी पाण्याने काठोकाठ भरा. ती तरंगत राहिली तर पैसे चुकते करा. बसली तर कारखान्यात परत पाठवा.