संकेतस्थळावरील दुव्यांची दृश्यता आणि वापरकर्त्याचा अधिकार

विद्यापीठाच्या संकेतस्थळावर विद्यार्थी आपल्या नावाने प्रवेश करतो तेव्हा त्यास वेळापत्रक, ग्रंथालय, निकाल असे मोजके दुवे दिसतात. प्राध्यापक आले म्हणजे त्यांत ‘गुण भरणे’ ह्या दुव्याची भर पडते. परीक्षा विभागातील अधिकाऱ्यास ‘निकाल जाहीर करणे’ हाही दिसतो. पाहणाऱ्याचा अधिकार जितका मोठा तितका मेनू लांब, अशी ही व्यवस्था आहे. ती आता इतकी अंगवळणी पडली आहे की, तिच्यात दोन अगदी भिन्न गोष्टी मिसळल्या गेल्या आहेत हे सहसा ध्यानात येत नाही. दुवा दिसणे ही एक गोष्ट. दुव्यापलीकडील काम करण्याचा अधिकार असणे ही दुसरी. पहिलीची सोय केली म्हणजे दुसरीचीही झाली, ही समजूत अनुभवी प्रोग्रामरांतही आढळते.

दुवा म्हणजे वस्तुतः एक पत्ता होय. त्यावर टिचकी मारली की ब्राउझर त्या पत्त्यासाठी सर्व्हरकडे विनंती पाठवितो. परंतु तीच विनंती पत्ता हाताने लिहून, जुन्या खुणेवरून, किंवा एखाद्या लहानशा प्रोग्रामकरवीही पाठविता येते, आणि ती कोणत्या वाटेने आली हे सर्व्हरला खात्रीने कळण्याचा मार्ग नाही. म्हणून मेनूतून दुवा काढून टाकणे हे दारावरची पाटी काढण्यासारखे आहे. पाटी काढली म्हणून दाराला कुलूप लागत नाही.

हा विचार वेबपेक्षाही जुना आहे. जेरोम साल्ट्झर आणि मायकेल श्रोडर ह्यांनी १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात संगणकातील माहितीच्या संरक्षणाची जी तत्त्वे मांडली, त्यांपैकी एक असे की, प्रत्येक वस्तूकडे होणारा प्रत्येक प्रवेश अधिकाराच्या कसोटीवर तपासला गेला पाहिजे. रचना गुप्त राहील ह्या भरवशावर सुरक्षितता उभारू नये, हे दुसरे तत्त्वही त्याच निबंधात आहे. गुप्तलेखनाच्या क्षेत्रात ऑग्युस्ट केर्कहॉफ्स ह्यांनी ते १८८३ मध्येच सांगितले होते. लपविलेल्या दुव्यावर विसंबणाऱ्या संकेतस्थळात ह्या दोन्ही तत्त्वांचा भंग होतो.

त्याचे परिणाम केवळ काल्पनिक नाहीत. अमेरिकेतील फर्स्ट अमेरिकन फायनान्शिअल ह्या कंपनीच्या संकेतस्थळावर घरखरेदी व गहाणखताच्या व्यवहारांतील सुमारे ८८ कोटी ५० लाख दस्तऐवज उघडे असल्याचे पत्रकार ब्रायन क्रेब्ज ह्यांनी मे २०१९ मध्ये उघडकीस आणले. ग्राहकास त्याच्या स्वतःच्या दस्तऐवजाचा दुवा मिळे. त्या पत्त्यातील क्रमांकाचा एखादा अंक बदलला की परक्या माणसाचे कागद, त्यांतील बँक खात्यांच्या क्रमांकांसह, समोर येत. ओळख पटविण्याची अटच नव्हती. त्या इतर दस्तऐवजांचे दुवे कोणी कोणास दाखविले नव्हते, आणि तरीही ते सुरक्षित नव्हते. वेब-सुरक्षेच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या ओवास्प ह्या संस्थेने २०२१ च्या धोक्यांच्या यादीत प्रवेश-नियंत्रणातील दोषांस पहिले स्थान दिले. २०१७ च्या यादीत ते पाचवे होते.

मग दुवे लपवावयाचे तरी कशासाठी? लपविण्याचे प्रयोजन सुरक्षिततेचे नसून सोयीचे आहे. ज्या खोलीत जाता येणार नाही तिची वाट दाखवून नंतर नकार देणे हे वापरणाऱ्याला त्रासाचे होते. मात्र सोयीचाच विचार केला तर लपविणे नेहमीच इष्ट असते असेही नाही. परीक्षा-अर्जाची मुदत संपताच तो दुवाच नाहीसा झाला, तर विद्यार्थी संकेतस्थळ बिघडले असे समजतो. तेथे दुवा फिकट करून ‘मुदत संपली’ असे लिहिणे अधिक शहाणपणाचे. याउलट काही वस्तूंचे अस्तित्वच सांगावयाचे नसते. गिटहबवरील खाजगी भांडाराचा पत्ता परक्याने मागितला तर ‘मनाई आहे’ ह्या अर्थाचा ४०३ हा संकेत न देता ‘सापडत नाही’ ह्या अर्थाचा ४०४ दिला जातो, तो ह्याचसाठी.

रचनेचा खरा प्रश्न असा की, मेनू आणि सर्व्हरवरील तपासणी ह्यांचे निर्णय एकमेकांशी जुळावेत कसे. नियम दोन ठिकाणी लिहिले की कालांतराने ते फाकतात. द्रुपल ह्या प्रणालीने येथे घेतलेला मार्ग अनुकरणीय आहे. तिच्यात कोणत्या मार्गास कोणती परवानगी लागते हे मार्गाच्या व्याख्येतच नोंदविले जाते. मेनू रेखाटताना त्याच नोंदीला प्रश्न विचारला जातो आणि उत्तर नकारार्थी असल्यास दुवा आपोआप गळतो. निर्णय एक, उपयोग दोन. शिवाय प्रश्न ‘हा प्राध्यापक आहे काय’ असा नसून ‘ह्यास गुण भरण्याची परवानगी आहे काय’ असा असतो. भूमिका व परवानगी ह्यांतील हा भेद डेव्हिड फेराइओलो आणि रिचर्ड कून ह्यांच्या १९९२ मधील निबंधाने रूढ केलेल्या विचारसरणीशी सुसंगत आहे. उद्या गुण भरण्याचे काम साहाय्यकाकडे सोपविले, तर त्याच्या भूमिकेस ती परवानगी जोडली की पुरे. मेनूच्या मांडणीस हात लावावा लागत नाही.

येथे एक आडवळण संभवते. वेग वाढविण्यासाठी तयार मेनू साठवून ठेवण्याची पद्धत आहे. अधिकाऱ्यासाठी साठविलेला मेनू चुकून विद्यार्थ्यासमोर गेला तर लपविलेले सारे दुवे उघड होतात. द्रुपलच्या २०१५ मधील आठव्या आवृत्तीपासून साठवणीच्या प्रतीवर वापरकर्त्याच्या परवानग्यांच्या संचाची खूण ठेवता येते. एकच संच असलेल्यांना एकच प्रत मिळते.

तथापि मेनूची धाव मर्यादित आहे. ‘गुण भरणे’ हा दुवा सर्व प्राध्यापकांस दिसला, तरी एकाने दुसऱ्याच्या विषयाचे गुण बदलू नयेत हे त्या दुव्यावरून ठरत नाही. ते ज्या उत्तरपत्रिकेस हात घातला जात आहे तिच्यापाशीच, प्रत्येक विनंतीस, तपासावे लागते. शिवाय सकाळी उघडलेल्या पानावरील मेनू सकाळचाच असतो. दुपारी परवानगी काढून घेतली तरी पडद्यावर दुवा तसाच राहतो, आणि त्यावर टिचकी पडली की सर्व्हरने त्या क्षणीच्या अधिकाराप्रमाणे उत्तर द्यावयाचे असते.