घराला सुवास हवा, विषारी धूर नको



गेल्या खरिपात कपाशीच्या पाहणीसाठी एका गावी जाणे झाले. पाहणी आटोपल्यावर घरधन्याने आग्रहाने चहाला नेले. माजघरात पाऊल टाकताच चंदनी उदबत्तीचा दाट वास आला. केळ्यात खोचलेल्या दोन उदबत्त्या जळत होत्या आणि खिडकी बंद होती. क्षणभर प्रसन्न वाटले, पण त्या वासाखाली दुसरा एक उग्र वास दबलेला होता. बाजेखाली पाहिले तर कीटकनाशकाचे तीन डबे, एक फाटकी पुडी आणि फवारणीचा पंप ठेवलेला. घरच्या बाई म्हणाल्या, "औषधाचा वास मारतो ना साहेब, म्हणून उदबत्ती लावते." त्याच बाजेवर आठ महिन्यांचा नातू झोपला होता.

चहा घेतला, पण घशाखाली उतरला नाही. घराला चांगला वास असावा ही इच्छा रास्तच आहे. परंतु तो वास कोठून आणावा आणि त्याआधी कोणता वास घराबाहेर काढावा, याचा विचार आपण क्वचितच करतो.

वास म्हणजे खबर

घरात एखादा वास येतो तेव्हा तो बहुधा काहीतरी सांगत असतो. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा असा वास जवळजवळ नसतो. गळती लगेच कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे मर्कॅप्टन मुद्दाम मिसळलेले असते. गोबरगॅसच्या नळीजवळ सडक्या अंड्यासारखा वास आला तर सांधा गळतो आहे असे समजावे. अशा वेळी काडी ओढून उदबत्ती लावणे किती धोक्याचे आहे हे निराळे सांगायला नको. बाजारातील फवाऱ्याच्या सुगंधी डब्यांत ढकलवायू म्हणून पेट घेणारा वायूच असतो. तेव्हा तो डबाही चुलीजवळ किंवा गॅसजवळ दाबू नये.

धान्याच्या कोठीकडून लसणासारखा किंवा कुजक्या मासळीसारखा वास येत असेल तर जास्तच सावध व्हावे. अॅल्युमिनिअम फॉस्फाईडच्या गोळ्या हवेतील ओलाव्याने फुटतात आणि त्यांतून फॉस्फीन हा वायू सुटतो. तीन ग्रॅमच्या एका गोळीतून सुमारे एक ग्रॅम वायू निघतो. या विषावर नेमका उतारा नाही. शुद्ध फॉस्फीनला वास जवळपास नसतो, आपल्याला येतो तो त्यातील अशुद्ध घटकांचा. त्यामुळे वास गेला म्हणजे वायू गेला असे मुळीच समजू नये. ज्या घरात माणसे झोपतात त्या घरातील धान्यात या गोळ्या टाकूच नयेत. त्यांचा वापर तज्ज्ञांच्या किंवा मान्यताप्राप्त कीडनियंत्रकांच्या देखरेखीखालीच करावा असा नियम आहे. तरीही त्या गावोगाव फडक्यात बांधून कणगीत टाकल्या जातात, ही वस्तुस्थिती आहे. असा वास आल्यास दारे-खिडक्या सताड उघडून सर्वांनी बाहेर पडावे. कोणाला मळमळ, धाप किंवा छातीत दडपण वाटल्यास त्यास विनाविलंब दवाखान्यात न्यावे व कोणत्या गोळ्या होत्या हे डॉक्टरांना सांगावे.

फवारणीची औषधे राहत्या घरात ठेवू नयेत, हे आपण दरवर्षी लिहितो. या वेळी निराळ्या कारणाने लिहितो आहे. उदबत्तीमुळे औषधाचा वास लपतो, औषध तिथेच राहते. शेतावरील कोपीत किंवा घराबाहेरच्या भिंतीत कुलूपबंद फडताळ करून घ्यावे. फोरेट आणि डायक्लोरव्हॉस यांचा वापर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंद झाला आहे. माळ्यावर त्यांचे जुने डबे अजून पडून असतील तर ते ओढ्यात किंवा उकिरड्यावर न टाकता कृषी सहायकास दाखवून त्यांची विल्हेवाट लावावी.

गोठा घराला लागून असेल तर

आपल्याकडे पुष्कळ घरांत गोठ्याचा वास ओसरीपर्यंत येतो. डोळे चुरचुरणारा तो वास अमोनियाचा असतो. तुम्ही पैसे देऊन विकत घेता तोच नत्र येथे फुकट उडून चाललेला असतो. काहीजण वास घालवण्यासाठी ओल्या शेणमुतावर चुना टाकतात. त्याने अमोनिया उलट अधिक सुटतो. त्याऐवजी मूत्र वाहून जाण्यास उतार द्यावा, रोज कोरडे गवत किंवा पालापाचोळा अंथरावा आणि मूत्राच्या खड्ड्यात व शेणखताच्या ढिगावर थोडे सिंगल सुपर फॉस्फेट भुरभुरावे. वास कमी होतो आणि खताचा कसही राहतो. जनावरे चाटतील अशा जागी मात्र ते टाकू नये.

उदबत्ती, धुरी, कापूर आणि डांबर गोळी

उदबत्ती म्हणजे बांबूची काडी, कोळशाची भुकटी, लाकडाचा भुसा, चिकटपणासाठी झाडाच्या सालीची पूड आणि वरून लावलेले सुगंधी द्रव्य. हे सुगंधी द्रव्य आज बहुधा कारखान्यात बनवलेले असते. जळताना त्यातून सुवासाबरोबर सूक्ष्म कण, कार्बन मोनॉक्साईड, बेंझीन व फॉर्मल्डिहाईडही बाहेर पडतात. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका शास्त्रीय आढाव्यात एक ग्रॅम उदबत्ती जळताना सुमारे ४५ मिलिग्रॅम, तर एक ग्रॅम सिगारेट जळताना सुमारे १० मिलिग्रॅम कण निघतात असे दिले आहे. याचा अर्थ देवापुढची उदबत्ती सोडावी असा नाही. माझ्या आईपुढे तसे बोलण्याची माझीही छाती नाही. एक उदबत्ती, उघडी खिडकी आणि पूजा झाली की ती विझवणे, एवढे पाळले तरी पुष्कळ झाले. वास घालवण्यासाठी दिवसभर चार-चार उदबत्त्या जाळणे मात्र थांबवावे. घरात दम्याचा रुग्ण असेल तर नक्कीच.

बाळंतिणीच्या खोलीतील धुरीबद्दल थोडे अधिक लिहितो. दारे-खिडक्या बंद करून शेगडीच्या निखाऱ्यावर ओवा, बाळंतशेपा, वावडिंग, ऊद टाकून तान्ह्या बाळाला धुरी दिली जाते. ओवा-शेपा गुणाचे आहेत, पण जळल्यावर त्यांचाही धूरच होतो. बाळाची फुप्फुसे नाजूक असतात. शिवाय निखाऱ्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, त्यामुळे तो कळतही नाही. खोलीला सुवास हवा असेल तर पातेलेभर पाण्यात मूठभर ओवा चुलीवर उकळून ती वाफ खोलीत पसरू द्यावी. पातेले बाळापासून दूर ठेवावे.

कापूर घरोघर असतो व निरुपद्रवी समजला जातो. पण लहान मुलाने एखादा ग्रॅम कापूर खाल्ला तरी काही मिनिटांत झटके येऊ शकतात, जिवावरही बेतू शकते. देवघरातील डबी उंचावर ठेवावी. सर्दीसाठी बाळाच्या गळ्यात कापराची पोटली बांधू नये. डांबर गोळी म्हणजे बहुधा नॅप्थलीन. ती हवेत विरत जाते म्हणून तिचा वास येतो. तो वास म्हणजे हवेत मिसळलेले नॅप्थलीनच. काही मुलांच्या रक्तात जन्मतः जी-६-पीडी नावाच्या विकराची कमतरता असते. अशा बाळाला डांबर गोळ्यांत ठेवलेल्या गोधडीत गुंडाळले तर रक्तपेशी फुटून तीव्र कावीळ होऊ शकते. आमच्या घरीही आजीच्या ट्रंकेतली गोधडी माझ्या मुलीसाठी काढली होती. गोळ्यांचा वास येतो म्हणून ती बाजूला ठेवली, एवढेच. कारण तेव्हा मलाही ठाऊक नव्हते. तान्ह्या बाळाची कपडे-अंथरुणे या गोळ्यांत कधीच ठेवू नयेत. कपडे कडक उन्हात वाळवून कडुनिंबाचा सावलीत सुकवलेला पाला किंवा वेखंडाचे तुकडे घालून ठेवावेत. वेखंड फक्त कपड्यांसाठी वापरावे. त्यातील एका घटकामुळे उंदरांत गाठी आढळल्या आणि अमेरिकेने १९६८ साली खाद्यपदार्थांत त्याचा वापर बंद केला.

बांधावरचा वाळा

आता सुवासाकडे वळू. आपल्या शेतात याची सोय सहज होते आणि त्यात माझी पहिली पसंती वाळ्याला आहे. वाळ्याची मुळे जाळावी लागत नाहीत, नुसती ओली केली की सुवास देतात. कर्नाटकात गुंडलुपेटकडील शेतकऱ्यांनी बांधावर वाळ्याची दाट ओळ राखून माती अडवली होती. १९८०च्या दशकात जागतिक बँकेच्या तज्ज्ञांचे लक्ष तिकडे गेले व पुढे हे गवत मृदसंधारणासाठी अनेक देशांत पोहोचले.

येथे एक चूक नेहमी होते. बांधावरची ओळच मुळांसाठी उपटली जाते. मुळे काढली की बांध उघडा पडतो आणि पहिल्याच मोठ्या पावसात फुटतो. बांधाची ओळ बांधासाठी ठेवावी. घरासाठी चार-पाच ठोंब वेगळे लावावेत. भारी काळ्या जमिनीत मुळे खणताना तुटतात. म्हणून खताच्या रिकाम्या गोण्या धुऊन त्यांत दोन भाग वाळू, एक भाग पोयट्याची माती व थोडे शेणखत भरावे, तळाशी भोके पाडावीत आणि जून-जुलैत प्रत्येक गोणीत दोन-तीन ठोंब लावावेत. औषधाची पोती मात्र वापरू नयेत. १५ ते १८ महिन्यांनी, म्हणजे दुसऱ्या हिवाळ्यात, गोणी उभी फाडली की मुळांचा जुडगा अखंड हाती येतो. मुळे धुऊन सावलीत वाळवावीत, उन्हात तेल उडते. शेंड्याचे ठोंब पुन्हा लावण्यास उपयोगी पडतात.

वाळलेल्या मुळांची एक जुडी फडक्यात बांधून कपाटात ठेवली तर बराच काळ वास टिकतो. उन्हाळ्यात मुळे दोऱ्याने ओवून खिडकीस ताटी बांधावी व दिवसातून तीन-चार वेळा पाणी शिंपडावे. खोली गारही होते. ताटी सतत ओली राहिली तर बुरशी धरते, तेव्हा आठवड्यातून एकदा ती कडक वाळवावी. माठात टाकायची मुळे स्वच्छ धुतलेली असावीत व दर दोन-तीन दिवसांनी बदलावीत.

गवती चहा परसात असतोच. त्याची मूठभर पाने दोन लिटर पाण्यात उकळून त्या पाण्याने फरशी पुसावी, लिंबासारखा वास येतो. खानदेशाचे रोशा गवत तेलासाठी एके काळी नावाजलेले होते. आजही माळावर ते आढळते. त्याची वाळलेली जुडी कोनाड्यात ठेवून पाहावी. संत्रा-मोसंबीच्या साली सावलीत वाळवून दोन-तीन लवंगांसह पुरचुंडी करता येते. ज्या लव्हाळ्याला आपण शिव्या घालतो त्याच्या गाठीही सुवासिक असतात. मात्र तणनाशक मारलेल्या रानातील घेऊ नयेत. बकुळीची फुले सुकली तरी वास सोडत नाहीत.

निशिगंध, मोगरा विक्रीसाठी लावणाऱ्यांनी घरासाठी पाच-दहा झाडे बिनफवारणीची राखावीत. निशिगंधात एकेरी पाकळ्यांचे वाण, उदाहरणार्थ फुले रजनी, शृंगार, प्रज्वल, दुहेरी वाणांपेक्षा अधिक सुवास देतात. कालच औषध मारलेली फुले उशाशी ठेवणे योग्य नाही.

एक शंका शेतकरी हमखास विचारतात : गवती चहाचे किंवा निलगिरीचे तेलच आणून ठेवले तर? तेल म्हणजे शेकडो पानांचा अर्क एका बाटलीत. निलगिरी तेलाचे काही मिलिलिटर पोटात गेले तरी लहान मूल बेशुद्ध पडू शकते. तेल वापरायचेच तर बादलीभर पाण्यात पाच-सहा थेंब, तेही फरशीसाठी. बाटली औषधांच्याच कुलपात ठेवावी आणि ती कोणाच्या जुन्या टॉनिकच्या बाटलीत ओतून ठेवू नये.

वाळ्याचे ठोंब पावसाच्या तोंडावर लावायचे असतील तर मे महिन्यातच आपल्या विभागाच्या कृषी विद्यापीठाच्या सुगंधी व औषधी वनस्पती रोपवाटिकेत चौकशी करावी. जुलैत मागणी वाढते आणि ठोंब शिल्लक राहत नाहीत.